पिवळ्या लाईटवरची चिकटपट्टी

शिवराजची आई,

तू देवळातून येण्याआधीच मी आणि आपली सूनबाई तनुजा गाडी घेऊन देवगाव रंगारीला, माझ्या बहिणीला आणायला निघालोय. गाडीचं नाव ऐकून घाबरू नको, ब्रेक दुरुस्त झालाय.

दोन मिस्त्रींनी ब्रेकचं पूर्ण युनिटच बदला म्हणून सांगितलं होतं. तनुजा म्हणाली, "मामा, मला आधी तपासू तर द्या." काल तिनं एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं अन् चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरला मीटर लावला. तीन चाकांचा आकडा हलला, मागच्या डाव्या चाकाचा हललाच नाय. वायर वरून धड दिसत होती, पण आतून तुटलेली. औरंगपुऱ्यातून नवा सेन्सर आणून तिनं स्वतः बसवला. मोकळ्या मैदानावर कचकन ब्रेक दाबला, तर गाडी सरळ रेषेत थांबली. मी बघतच राहिलो. अन् तिनं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स केलाय, हे पाहुण्यांना सांगायलाबी आपण लाजत होतो!

आता खरं सांगतो. फुलंब्रीच्या वळणावर गाडी घसरून तुझा हात मोडला, तेव्हा मी रस्त्यावरच्या वाळूला दोष दिला. ब्रेक दाबल्यावर गाडी घसरू न देणारी ती एबीएस बिघडल्याची पिवळी लाईट डॅशबोर्डवर चार महिन्यांपासून लागत होती. मीच तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. तनुजानं ती काढून टाकली. माझं लई चुकलं.

कुकर एका हातानं उचलू नको, दुपारपर्यंत आम्ही येतोच. स्टेअरिंगवर तनुजा असेल. मी शेजारी बसेन.