क्रिलवर पाळत

१ डिसेंबर १९९८, धानोरा
गडचिरोलीच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनासाठी विषय ठरला : ध्रुवीय समुद्रातली अन्नसाखळी. थर्माकोलचा बर्फ. हिरवा भुसा म्हणजे प्लवक. प्लवक खाणारे क्रिल, क्रिल खाणारे पेंग्विन आणि देवमासा. क्रिल दिसायला थेट आपल्या झिंग्यासारखे, म्हणून बाजारात केसरबाईकडून पावभर सुके झिंगे आणले. पहिला नंबर नक्की. हेडसर म्हणाले, नाही आला तर प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून गणिताच्या प्रफुल सरांकडे. हसत म्हणाले. त्या हसण्यात काहीतरी आहे.

३ डिसेंबर
झिंगे कमी वाटले. प्रफुल सर दोनदा प्रयोगशाळेत येऊन गेले. म्हणे, खडू पाहिजे. खडू! चपराशी मुखरूला हटकलं. म्हणाला, मले झिंगे कायले पाह्यजेत सर, तलाव का आटला? उत्तर फार लवकर दिलं.
झिंग्यांचा डबा घरी आणला. स्वयंपाकघरात, पिठाच्या पिंपामागे. तिथे कोण जातं?

५ डिसेंबर
काळजीने जेवण जात नाही. शमीमने झिंग्याची चटणी केली म्हणून तीनदा भात घेतला. हिला झिंगे कुठे मिळाले, विचारायचं राहिलं.

७ डिसेंबर
डबा अर्धा! प्रफुल सर सायकलवरून घरासमोरून गेले, घंटी वाजवली. इशारा कुणाला? डबा मसाल्याच्या फळीवर हलवला. शमीमला कारण सांगितलं नाही, बायकांच्या पोटात काही राहत नाही. आणखी झिंगे आणणार नाही. चोराला रसद कशाला?
जेवणात पुन्हा चटणी. मागून घेतली.

१० डिसेंबर
संकल्प : डबा उघडायचाच नाही. क्रिल प्रदर्शनातच चिकटवीन, परीक्षकांसमोर.

१२ डिसेंबर, गडचिरोली
सकाळी शमीमला म्हटलं, फळीवरचा डबा दे. म्हणाली, बांधूनच ठेवलाय. एसटीत मांडीवरून हलू दिला नाही.
परीक्षक आले. डबा उघडला. वर चार पोळ्या. खाली सगळे क्रिल, लसूण-तिखटात वाटलेले.
परीक्षकांनी विचारलं, मग पेंग्विन खातात काय? मागून प्रफुल सर म्हणाले, थोडी मले बी द्या सर, सकाळपासून उपाशी हाय.

१३ डिसेंबर
शमीमला जाब विचारला. म्हणाली, मला वाटलं तुम्हीच चटणीसाठी आणून ठेवता. रोज तीन-तीन बार कौन मांगता था?
किल्ली देऊन, डबा घेऊन आलो. प्रफुल सरांनी पोळ्या खाल्ल्या होत्या, चटणी थोडी ठेवली होती.
आत्ताच संपवली.