तुमच्या मिसेसनी सूप सांगितलंय

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

फोनवर तुझं निम्मं ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सातवीची भूमिती रेटतोय. पोरं हुशार, पण कंपासपेटीत कंपास एकाच्याही नाही. परदेशात आलो म्हणून त्यात काही फरक नाही.

शनिवार-रविवार इथून तीन तासांवरच्या शहरात जाऊन आलो. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना तिथलं जुन्या नकाशांचं प्रदर्शन बघायचं होतं, मी सोबत गेलो. बाई माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. यजमान जाऊन दहा वर्षं झाली. हॉटेलात खोल्या दोन घेतल्या होत्या, हे आधीच सांगतो, उगाच भुवया चढवू नकोस.

आता खरी गोष्ट. रात्री जेवायला गेलो. मी हात धुऊन येईतो बाई टेबलाशी बसल्या होत्या. वेटर मला म्हणाला की तुमच्या मिसेसनी सूप सांगितलंय, तुम्हालाही आणू का. मी म्हटलं, आणा. ठमे, मी नुसतं 'आणा' म्हटलं! छत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या चुका तांबड्या शाईनं खोडत आलो, आणि ही एवढी ढळढळीत चूक तशीच सोडली. बाईही काही बोलल्या नाहीत. मीठ तेवढं पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी एकही नकाशा मला धड दिसला नाही.

मला हे काय झालंय, तुला काही कळतंय का?

लोभ आहेच, या पत्रानं तो उणा होऊ नये.
तुझा,
बाबा


दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ठायी ठायी बाई, आणि बी.पी.च्या गोळ्यांबद्दल अक्षर नाही!

ह्यांना वाचून दाखवलं तर पोट धरून हसले. मी त्यांच्यावर रागावले, आणि मग भांडी विसळता विसळता मलाच रडू आलं. का, ते विचारू नका. आईला जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही घरात कोंडून घेतलंत म्हणून मीच मागे लागून ही नोकरी घ्यायला लावली. आता खूश व्हायचं की कपाळावर हात मारून घ्यायचा?

एक सांगा, तुम्ही मला विचारताय की कळवताय? एप्रिलमध्ये करार संपतोय. इथे आमच्याकडे तुमच्या खोलीला रंग काढून घेतलाय, पुस्तकांसाठी फळ्या मारल्यात. आणि त्या बाई का गप्प बसल्या, हे त्यांना विचारलंत तरी का? माझं डोकं चालेनासं झालंय.

आज जरा रागात आहे, तरी लोभ असावा.
तुमची,
ठमी


दि. ११ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

गोळ्या वेळेवर घेतो.

बाईंना विचारलं, स्टाफरूममध्ये, वह्या तपासताना. त्या म्हणाल्या की मला डाव्या कानानं ऐकू आलं नसेल असं त्यांना वाटलं, मग खुलासा कशाला करा. मी म्हटलं, नीट ऐकू आलं होतं. त्या लाल झाल्या, आणि मी वही समजून हजेरीपटावर 'छान' असा शेरा मारून बसलो.

मुख्याध्यापिका करार दोन वर्षं वाढवायचा म्हणतायत. महिनाअखेर सही हवी. सकाळी वाटतं राहावं, दुपारी तुझ्या फळ्या डोळ्यांपुढे येतात. तुझी आई असती तर काय म्हणाली असती, असं लिहिणार होतो. पण ती असती तर हा प्रश्नच नव्हता. ना धड विचारतोय, ना धड कळवतोय. तू नको म्हणालीस तर परत येईन, आणि तोंड पाडून बसणार नाही.

राग असला तरी लोभाला धक्का लागू देऊ नये.
तुझा,
बाबा


दि. २३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

वेळेत मिळावं म्हणून जलद टपालानं पाठवतेय.

'नको' असं लिहून पाकीट बंदसुद्धा केलं होतं. ह्यांनी सहज विचारलं की बाबा इथे येऊन दिवसभर काय करतील. फळ्यांवरची पुस्तकं पुसतील, एवढंच मला सुचलं. पाकीट फाडलं.

सही करा, बाबा. हे मनापासून म्हणतेय की नुसतं शहाण्यासारखं वागतेय, माझं मलाच कळत नाही. कळायची वाट बघत बसले तर महिनाअखेर उलटेल.

बाईंना नमस्कार लिहायला घेतला आणि पेन अडलं. 'श्रीमती' लिहिलं तर शाळेला अर्ज केल्यासारखं वाटतं, आणि 'ती.' लिहायला हात धजत नाही. तेव्हा आज नुसताच नमस्कार सांगा. आधी काय लावायचं, ते भेटल्यावर त्यांनाच विचारीन.

लोभाला आता वाटेकरी येईल. माझा वाटा राखून ठेवावा.
तुमची,
ठमी