अण्णा, मी डोळा वापरला

अण्णा, तुमचं चुकलं होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगायचंच आहे. मी सातव्या महिन्यात जन्मले, दोन महिने काचेच्या पेटीत होते. डोळ्यांचे पडदे कच्चे राहिले होते; लेझर करून उजवा डोळा वाचला, डाव्याला नुसता उजेड कळतो. यातून तुम्ही एकच धडा घेतलात: उरलेला डोळा वापरला तर संपेल. म्हणून वाचन रोज अर्धा तास, तेही घड्याळ लावून. पुस्तक नाकाशी नेलं की तुमचा आवाज यायचा, "स्वल्प, थोडं लांब धर गं!" लांब धरलं की अक्षरं जायची, हे तुम्ही कधी विचारलंच नाही.

तुमच्या कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं, तो दिवस. मी नववीत आहे. तुमचे साहेब माझ्या हातात व्हर्नियर कॅलिपर देतात, "वाच बघू, किती मिलिमीटर?" मी तो अगदी पापणीपाशी नेते. रेघा हळूहळू सुट्या होतात, आकडा ओठांवर येतो, तेवढ्यात तुम्ही तो काढून घेता. "राहू दे सर, तिला दिसत नाही." अण्णा, मला दिसत होतं. बारा पूर्णांक चार.

दहावीनंतर तुम्ही कॉमर्सचा फॉर्म आणलात. मी तो भरला नाही. "डोळा गेला तर कोण बघणार तुला?" तुम्ही ओरडलात. "माझं मी बघेन," मी म्हणाले. आठवडाभर अबोला. शेवटी सायन्सच्या फॉर्मवर आईनं सही केली.

आज मी व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत सर्किट बोर्डांची ड्रॉइंग करते. स्क्रीनवर सगळं इतकं मोठं करून ठेवलंय की पलीकडच्या रांगेतल्यांनाही माझं काम वाचता येतं. वाचू देत. मेट्रोत पाट्या दिसत नाहीत, ऐकून उतरते. गाडी चालवत नाही. बाकी काही सोडलेलं नाही.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्यात ठिणग्या उडायला लागल्या. पडद्याला चीर पडली होती. डॉक्टरांनी तिच्याभोवती लेझर करून ती तिथेच थांबवली. मी विचारलं, "फार वाचल्यामुळे झालं?"

"छे! वाचून डोळा झिजत नाही," त्या म्हणाल्या. "वेळेआधी जन्मलेल्यांचा पडदा मोठेपणीही नाजूक राहू शकतो. म्हणून तपासणी जन्मभर. शेवटची कधी केली होती?"

तुम्ही दर वर्षी रजा टाकून मला तपासणीला न्यायचात. थेंबांनी डोळे दिपायचे म्हणून बसस्टॉपपर्यंत हात धरून चालवायचात. तुम्ही गेलात आणि मी एकदाही गेले नाही. तुमचं काहीच ऐकायचं नव्हतं ना, मग तेही नाही. डॉक्टरांना मात्र "कामात राहून गेलं" असं सांगितलं. आईलाही तेच. खरं कारण फक्त या कागदावर आहे, आणि हा कागद मी कुठेच पाठवणार नाही.