कासवाचं नाणं

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकृतीचं विचारू नकोस. डॉक्टरांनी पथ्यसुद्धा उठवलंय, त्यावरून काय ते समज. शेजाऱ्यांबरोबर डबी पाठवतोय. तिच्यात माझं ग्रीकांचं चांदीचं कासवछाप नाणं आहे, अडीच हजार वर्षांचं. मी त्यावर लेख लिहिला आणि संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी भर सभेत ते बनावट ठरवलं. तेव्हापासून नाणेवाल्यांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जायच्या आधी एवढंच कळू दे, खरं की खोटं. चांदी तुझ्याइतकी कोणाला कळते?

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. कासवशेटांस,
अनेक आशीर्वाद.

पथ्य उठलंय तर गोडधोड खा, आणि जायच्या गोष्टी मोठ्या भावापुढे करू नकोस. आता मन घट्ट कर. दुकानात आलेलं प्रत्येक नाणं मी फरशीवर टाकून ऐकतो, तसं सवयीने तुझंही टाकलं. खणकन वाजायचं सोडून बद्द वाजलं आणि तीन तुकडे झाले. अरे, चांदी वाकते, चेपते, अशी मोडत नाही. ही तर आतून साखरेसारखी दाणेदार. कोणीतरी तुझ्या गळ्यात खोटं नाणं मारलं. धातू बघायला तुकडे मुशीत वितळवले, तर रस स्वच्छ, चोख चांदीचा निघाला. तेव्हापासून मन खातंय, घास उतरत नाही. माझ्या हातून तुझं मोलाचं काही गेलं नाही ना? खरं ते कळव.

तुझा,
दादा

१५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काकाचं पत्र सोबत आहे, वाचून फाडून टाक. नवी चांदी मोडत नाही, हे त्याचं बरोबर. पण शतकानुशतकं मातीत पडलेली चांदी आतून अशीच ठिसूळ, दाणेदार होते. माझं कासव अस्सल होतं, पोरी. आणि दाखवायला आता तुकडाही उरला नाही. उशीत तोंड खुपसून रडलो. कोणाजवळ बोलू नकोस, त्याच्या कानावर जाईल. आईवडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्याने मला शिकवलं. कळलं तर जन्मभर स्वतःला कोसत बसेल.

तुझे,
बाबा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी पोटभर जेव. नाणं खोटंच होतं. बनावट नाणी पाडणारे लबाड चांदी चांगलीच वापरतात, म्हणून रस स्वच्छ निघाला. माझा जीव भांड्यात पडला बघ. तज्ज्ञांनाही आजच लिहून टाकलं, तुमचं बरोबर होतं, चूक माझीच. आता कसली रुखरुख नाही. लोभ आजवर केलास तसाच पुढेही असू दे.

तुझा,
धाकटा