गाळलेला शब्द

लोणावळे,
ता. १८ एप्रिल १९४३, रविवार

तीर्थरूप दादास,
रतनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. येसूचं लग्न ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. मुलगा खडकीच्या कारखान्यात आहे म्हणजे चांगलंच झालं. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पाणी आणायला आता येसूला पाठव, सासरी गेल्यावर कुणी नाहीच पाठवायला. माझी तब्येत ठीक आहे. शाळा सकाळची झाली आहे. साडेदहाला घरी येते, भाकरी टाकते आणि आडवी पडते. पूर्वी दुपारी वाचायचे. आता वाचवत नाही. वय काही झालेलं नाही, पण थकल्यासारखं वाटतं खरं.

तू लिहिलंस की चार वर्षांत गावाकडं फिरकली नाहीस, आता लग्नाला तरी सुट्टी लागल्या लागल्या ये. त्याचं उत्तर खाली देते. आधी दुसरंच काही सांगते. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तू स्वतः वाच. मुद्दाम अक्षर मोठं काढलंय.

मागच्या रविवारी आम्ही शाळेतल्या बायकांनी सिनेमा पाहिला. हस, हस. बाजारामागं पत्र्याची शेड आहे, तिथं दुपारचा खेळ असतो. आमच्या मोठ्या बाई, कमळाबाई, यांनी सगळ्यांची तिकिटं काढली होती. ऐन वेळी एकीला ताप आला आणि एक तिकीट उरलं. त्याच वेळी चिंगी माझ्या दारात मोळी टाकत होती. म्हटलं, चल. ती म्हणाली, "मला काय कळनार त्यातलं, बाई?" पण आली.

चिंगी कोण ते तुला सांगायला नको. नवशाची बायको. नवशा तुरुंगात गेल्यावर ती कुरवंड्याला माहेरी आली, ठाकरवाडीत राहते. दर रविवारी मोळी घेऊन येते. तिनं माझं घर शोधून काढलं हे मी तुला आजवर कळवलं नव्हतं. तीन वर्षं येतेय.

सिनेमा फार काळाकुट्ट होता. एक वकील आपल्या भागीदाराला मारून विहिरीत टाकतो. बायकोला ते कळतं, पण पोरांकडं बघून ती गप्प बसते. एक नाचणारी बाई त्याच्यासाठी कोर्टात खोटं बोलते. फौजदाराला लवकर मोकळं व्हायचं असतं, तो बागेतल्या माळ्याला धरतो आणि जबानीवर त्याचा अंगठा घेतो. माळी बिचारा विहिरीत वाकून बघत होता, एवढाच त्याचा गुन्हा. शेवटी तो फासावर जातो आणि वकील सनईच्या सुरात मुलीचं लग्न लावतो. संपला खेळ. बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं आणि जी ती आपापल्या घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांना वाचा फुटली. मधल्या सुट्टीत सगळ्यांचं जणू कोर्टच बसलं. कमळाबाई म्हणाल्या, वकील सर्वांत नीच, त्यात बोलण्यासारखं काय आहे? अंबूबाई आमच्या दुसरीच्या वर्गावर असतात. त्यांनी सगळा दोष नाचणारीवर टाकला. मला वाटतं तिच्या पोलक्याचा त्यांना जास्त राग आला होता. वकिलाच्या बायकोवरून तर भांडणच जुंपलं. एक म्हणाली, आई होती, काय करील. दुसरी म्हणाली, माळ्यालाही आई असेलच की. आमचा शिपाई सोपान घंटेपाशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "चूक त्या माळ्याचीच. न वाचता अंगठा दिलाच कशापाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

त्या सिनेमात आणखी एक माणूस होता, दादा. चौकीवर बसून माळ्याची जबानी लिहून घेणारा कारकून. एखादा मिनिटच दिसतो. फौजदार काहीतरी पुटपुटतो, कारकून टाक दौतीत बुडवतो आणि लिहितो. नंतर तो कुठंच नाही. त्याचं कुणी नावही काढलं नाही. इतका वेळ सगळ्यांचा न्याय झाला, नुसता त्याचा राहिला.

नाही, एकीनं काढलं. त्या दिवशी शेडमधून परत येताना चिंगीनं मला विचारलं, "बाई, त्या लिवनाऱ्याचं काय झालं?"

"काही नाही," म्हटलं.

"त्याला ठावं व्हतं का, माळ्यानं क्येलं न्हाई म्हून?"

मी म्हटलं, सिनेमात ते दाखवलेलं नाही. तिनं रस्त्यातली एक वाळकी काटकी उचलली. मग म्हणाली, "आमच्या टायमाला तुमी व्हतात म्हून बरं. तुमी लिवलं त्ये तो बोलला तसंच आसंल. आता त्याच्या तोंडूनच तसं आलं त्याला कोन काय करनार?"

असं ती मला तीन वर्षं म्हणत आलीय. म्हणून मोळी माझ्याच दारात टाकते. मी बरोबर लिहिलं असं तिला वाटतं. नवऱ्याचीच जीभ घसरली असं ती धरून चाललीय.

आता तुला लिहिते ते तुला ठाऊकच आहे. पण आपण दोघांनी ते एकमेकांना कधी सांगितलं नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

महिपतीचा गोठा जळला ती दुपार. मी ट्रेनिंग कॉलेजातून सुट्टीला आले होते. तू मागल्या दारानं आलास आणि रांजणातलं पाणी हातापायांवर ओतत राहिलास. तुझ्या धोतराचा सोगा जळालेला होता. बांधावरून तुझं आणि महिपतीचं काय चाललं होतं ते सबंध गावाला माहीत होतं. गोठ्यात त्याचा म्हातारा, हौशीराम आबा, निजलाय हे तुला माहीत नव्हतं. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. आबा आत जळून मेला असा ओरडा ऐकून तू जसा मटकन खाली बसलास तसं माहीत असलेला माणूस बसत नाही.

नवशानं त्या सकाळी आपल्या शेतात भाताच्या रोपासाठी राब भाजला होता. चार दिवसांपूर्वी महिपतीनं त्याला लाकडांवरून मारलं होतं, म्हणून संशय त्याच्यावर. फौजदार यायच्या आधी पंच बसले आणि लिहिणारं कुणी नाही म्हणून मला बसवलं. नवशा म्हणाला, "सकाळच्याला राबाला काडी म्याच लावली. वारं सुटलं. मागनं गोठा पेटल्याला दिसला, तवा म्या पळत ग्येलो." मी लिहायला लागले आणि तू माझ्या मागं येऊन उभा राहिलास. काही बोलला नाहीस. नुसता हात माझ्या खांद्यावर ठेवलास. मी सोळाव्या वर्षी कपाळ पुसून घरी आले तेव्हा सगळ्यांशी भांडून तू मला शिकायला घातलंस. वडगाव स्टेशनापर्यंत माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चाललास. तोच हात होता तो.

मी लिहिलं, "काडी मीच लावली. वारा सुटला. गोठा पेटला."

खोटं अक्षर एक लिहिलं नाही, असं मी वर्षभर मनाशी घोकत होते. 'राबाला' हा शब्द गाळला, आणि मागचे-पुढचे सहा-सात. घाईत राहतात शब्द. मुलींच्या वहीत रोज राहतात.

पण पंच म्हणाले, वाचून दाखव. आणि हे तुलाही माहीत नाही, कारण तू तोवर बाहेर निघून गेला होतास. मी कागद हातात धरून वाचलं, "सकाळी राबाला काडी मीच लावली." कागदावर नसलेला शब्द मी तोंडानं वाचला. सगळंच त्यानं सांगितलं तसं वाचलं. नवशा ऐकून "व्हय, व्हय" म्हणाला. मग मी त्याचा अंगठा शाईत बुडवला. तेव्हा ते घाईत राहिलं नव्हतं, दादा.

पुण्याच्या कोर्टात पंचांना बोलावलंच नाही आणि मला दोनच प्रश्न विचारले. अक्षर तुमचं का? आरोपीला वाचून दाखवलंत का? दोन्हीला मी होय म्हणाले. नवशा पिंजऱ्यातून "राब, राब" असं ओरडत होता. दुभाष्यानं साहेबाला सांगितलं की हा म्हणतोय, मी राबणारा माणूस आहे. कोर्टात हशा झाला. भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, तिला राब म्हणतात, हे त्या खोलीत मला, तुला आणि नवशाला ठाऊक होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. अजून तीन उरलीत.

मला वकिलाची घृणा येत नाही, नाचणाऱ्या बाईचीही नाही. मला माझीच किळस येते आणि त्या किळसेचाही आता कंटाळा आलाय. म्हणून लग्नाला येणार नाही. तुझ्या मांडवात मी अक्षता टाकायला उभी राहीन आणि कानात त्या सिनेमातली सनई वाजेल.

मी अर्ज लिहून ठेवला आहे. मंगळवार ता. २७ ला वडगावला मामलेदार कचेरीत देणार. माझी नोकरी जाईल, कदाचित मीही आत जाईन. तुझं काय होईल ते मला लिहवत नाही. येसूचं लग्न मोडेल. चार रात्री तिच्यासाठी रडले आणि तरीही लिहितेय. हे पत्र बुधवारी तुझ्या हाती पडेल. तुझ्याजवळ सहा दिवस आहेत. त्या दिवशी तू आलास तर स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली थांब. बरोबर जाऊ. तू स्वतः होऊन सांगितलंस तर माझा दादा मला परत मिळेल. नाही आलास तरी मी जाणार.

एवढं लिहून झालं तोच चिंगी मोळी घेऊन आली. तिला बसवलं आणि हे पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "त्या वक्ताला कागदावर नसल्यालं वाचलंत?"

"हो."

"मंग आता वाचलं त्ये तरी कागदावर हाय का?"

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, पदरात धरलं आणि शाळेमागं सोपानच्या खोलीवर गेली. मी दारातच उभी राहिले. तासाभरानं परत आली. कागद माझ्यासमोर ठेवला, दौतीत अंगठा बुडवला आणि कुणी न सांगता लिहिलेल्याच्या खाली उठवला. मोळी उचलून परत घेऊन गेली.

वर 'नाही आलास तरी मी जाणार' याच्या खाली तिचा अंगठा आहे, पाहा.

त्या अंगठ्याच्या वरचा मजकूर चिंगी नवशा हिला मी वाचून दाखवला. माझ्या वाचण्यावर भरवसा नसल्यामुळं तिनं तो सोपान शिपाई याच्याकडून पुन्हा वाचवून घेतला. या खेपेला एकही शब्द कमी निघाला नाही.

लिहिणार,
तुझी रतन