देवान घरात नको म्हटलेली पुस्तकां

१२ नोव्हेंबर
होय, वाचूक येता माका. चौथीपर्यंत गेलंय शाळेत. बोट ठेवन वाचतंय, ओठ हलतत, म्हणान काय ता वाचणा न्हय?
ह्यांका जावन वर्ष होईत इला. खोलीत ह्यांची पुस्तकां तशीच आसत. देवाधर्माची, तत्त्वज्ञानाची, देवळां कशी बांधूची तेची. दुपारी मी मासळी कापी आणि हे मोठ्यान वाचीत. देवळाच्या पुस्तकात पायो झालो, खांब झाले, भिंती चढल्यो. कळस ऱ्हवलो आणि हे गेले. अर्धवट कामाचो माका राग. आता माझा मीच वाचतलंय.

१४ नोव्हें.
झिल म्हणता, "आये, नाताळाक टुरिस्ट येतले. ती खोली रिकामी करूया, एसी बसवया. यंदाचो शिझन बरो जातलो, बघ तू."
"गेल्या वर्षीय तू ह्याच म्हणी होतंस."
"पुस्तकां कोण वाचता? कसालच्या रद्दीवाल्याक सांगलंय."
"मी वाचतंय."
झिल हसलो. सून हसाक नाय. ध्यानात ठेवलंय.

१७ नोव्हें.
तत्त्वज्ञानाचा एक उघडलंय. जग म्हणे भास. मगे बांगडे खारवूक कित्याक व्हये? मिटून ठेवलंय. देवळाचाच बरा, दगडावर दगड. दिसाक अर्धा पान होता.

२० नोव्हें.
झिलाची नवी टूम. देवाक कौल लावया म्हणता. तेका वाटला म्हातारी मागे सरतली. म्हटलंय, चल.
गुरवान पाषाणाक पाकळ्यो लावल्यान, गाऱ्हाणा घातल्यान. "बा म्हाराजा, ही पुस्तकां घरात ठेवूची काय? होय तर उजवी दी, नाय तर डावी." झिलानच तसा सांगल्यान होता. व्हय म्हाराजा, सगळ्यांनी म्हटला. मीय म्हटलंय.
खूप वेळ काय हलाक नाय. मगे डावी पडली.
 देवाच्या शब्दाभायर मी जावचंय नाय. पण कळस...

२१ नोव्हें.
चुलीकडे बसान सुचला. देवान घरात नको म्हटल्यान. आंब्याच्या बागेत सामान ठेवूक मांगर आसा, तेचा देवाक कोणी विचारूकच नाय.
झिल बाजारात गेल्यार सुनेक म्हटलंय, "टोपली घे."
"आवो आये, हे कावतले."
"कावांदे. उचल."
मासळीच्यो टोपल्यो धुवन घेतलंव. दोघींनी सगळी पुस्तकां मांगरात न्हेलंव. वाळवी लागा नये म्हणान खाली फळयो घातलंव.
सांजेक झिल इलो, मांगरात पुस्तकां बघल्यान. "आये, ह्या काय?"
"पुस्तकां घरात आसत?"
"नाय, पण..."
"मगे झाला. देवाचो शब्द पाळलंय. तुका मोडूचो आसा?"
झिल पाट ओढून जेवाक बसलो.

१८ डिसेंबर
खोलीत एसी लागलो. नाताळाक पुण्याची माणसां येतली. झिल खुशीत. पण आज मांगराकडे उभो ऱ्हवान म्हणता कसो, "आये, टुरिस्टांका असलीच जागा आवाडता गो. हंयय एक खाट घातली तर? कौल लावया परत."
"लाव. पण ह्या खेपेक गाऱ्हाणा काय घालूचा ता मी सांगतलंय."
डोक्याक हात लावन गेलो. लावता काय बघूया.
दुपारी कळसाचा पान वाचून झाला. सून विचारी होती, "कसो चढवतत ओ?" मी सांगाक नाय. वाचूक येता तिकाय. ह्या वहीतय लिवचंय नाय.