माझ्यासाठी मागितलेली प्रार्थना

५ फेब्रुवारी, बुधवार

तिने सांगितलं. भगिनी मंडळात, सतरा बायकांसमोर, डोळे मिटून सांगितलं.

पाळकबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं जमत नाही. मग ही – माझी वीस वर्षांची मैत्रीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती – मऊ आवाजात म्हणाली, "आपल्या एका बहिणीला अंथरुणावरच्या सासूचा वीट आलाय. परवा अंग पुसताना तिच्या मनात आलं, ही एकदाची सुटली तर बरं. प्रभूने तिला प्रेम द्यावं."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय? आमच्या मंडळीत अंथरुणावरची सासू एकीच्याच घरी आहे.

सतरा जणींनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. सवयीने!

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. म्हटलं, "मी तुला एकटीला सांगितलं होतं."

"अगं, मी काय चहाड्या केल्या का तुझ्या? प्रार्थनाच मागितली ना?"

आमच्यात हे असंच. जिन्यात उभं राहून बोललं तर चुगली, डोळे मिटून बोललं तर मध्यस्थीची प्रार्थना. आणि मी तरी कोण मोठी साधी? गेल्या वर्षी तिच्या भावाची दारू सुटावी म्हणून मंडळात मीच विनंती दिली होती. तिला न विचारता. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

तरी दुखायचं ते दुखतंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळकबाई आणखी दोघींना घेऊन घरी आल्या. मी मशीनवर होते – शाळेच्या गणवेशांची काजं राहिली होती. त्यांनी तिथेच, पलंगापासून चार हातांवर, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्या मनातला सासूचा कंटाळा काढून टाक, बापा."

सासूबाईंची उजवी बाजू गेली आहे. कान गेलेले नाहीत.

बायका गेल्यावर मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "ताट ठेव आणि जा."

१० फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस झाले, माझ्या हातून घास घेत नाहीत. वाडगा ठेवते, स्वयंपाकघरात जाते. परत येते तो अर्धं सूप चादरीवर, उशीवर, मानेत, केसांत. दिवसाला तीन चादरी. दोन वर्षं यांची कूस बदलली, भांडं दिलं, पाठीला पावडर लावली – कुणी विचारलं नाही की बाई, तुझी पाठ कशी आहे. आणि एका वाईट दुपारची ही शिक्षा.

आज राहवलं नाही. "आई, माझ्यावर रागवा. चादरीने काय केलंय? धुवावी मलाच लागते."

त्या हसल्या. चक्क हसल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मंडळात गेले नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बोटीवरून नवऱ्याचा फोन. त्याच्यापर्यंतही पोचलं! "पण तू बोललीसच कशाला कुणापाशी?" बाकी काही नाही. बरी आहेस का, एवढंही नाही. मग बोट, हवा, सुट्टी एप्रिलमध्ये.

१६ फेब्रुवारी, रविवार

आपल्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याचेही पाय धुतले प्रभूने, पाळकसाहेब म्हणाले. शंभरदा ऐकलंय. आज मात्र मी त्या पायांपाशीच अडकले. सगळं ठाऊक असताना ती टाच हातात धरायची, बोटांच्या बेचक्यांत पाणी घालायचं. कसं जमलं असेल? माझ्याने ऑर्गनकडे बघवलंसुद्धा नाही.

सासूबाईंचं करणं त्यामानाने सोपं. प्रेम नसलं तरी हात चालतात. हेच लिहिताना थांबले. दोन वर्षं मी हात चालण्यालाच प्रेम म्हणत होते का? प्रभू, तू बघत होतास ना – मग मला आधी का नाही सांगितलंस? सतरा जणींच्या तोंडून का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मैत्रीण दारात. "आत येऊ?"

"आई झोपल्यात," मी म्हटलं. खोटं.

आतून आवाज आला, "झोपले नाही. मीच बोलावलंय तिला. पाठव."

अर्धा तास दार लावून दोघी आत. मी बाहेर, हातात एक बिनबाह्यांचा सदरा, सुईत दोरा जाईना. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. पर्समध्ये कसलासा कागद घातला. घाईघाईने चपला चढवल्या.

म्हणजे आता दोघी मिळून. माझ्याच घरात, माझ्यापाठीमागे.

आज चादर बदलली नाही. मुद्दाम. संध्याकाळपर्यंत त्या ओल्यातच पडून होत्या. हेही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पाळकबाईंचा फोन. "सासूबाईंचा अर्ज पोचला हं. अंगठा चालेल. फक्त तिथल्या सिस्टर विचारतायत, डाव्या हाताने जेवायला जमतंय का? वृद्धनिवासात स्वतःच्या हाताने जेवणाऱ्यांनाच घेतात."

निवास. हॉस्पिटलमधून आणलं त्या दिवशी माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या होत्या, "काहीही कर, पोरी, पण तिथे टाकू नकोस."

आत गेले. चमचा डाव्या मुठीत, हनुवटीपर्यंत आलेला, थरथरत. मला पाहून त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"बघ," म्हणाल्या, "आज दोनदाच सांडलं."